बागेतली रविवारची धाव : ना वर्गणी, ना बक्षीस, ना प्रमुख पाहुणे

नांदेड असो की लातूर, पहाटे पाचच्या सुमारास शहराबाहेर जाणाऱ्या कोणत्याही रस्त्यावर जाऊन उभे राहावे. अंधारात बनियन आणि हाफपँट घातलेली पोरे पळताना दिसतात. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की त्यांची संख्या वाढते, भरती संपली की ओसरते. शिपायाच्या भरतीत पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धाव असते. त्या धावेला गुण असतात आणि त्या गुणांवर एका घराचे पुढच्या तीस वर्षांचे गणित उभे असते. म्हणून पोरगा पळतो. शेजारून उसाचे ट्रॅक्टर आणि वाळूचे टिप्पर जात असतात, तरी पळतो. नोकरी लागली की पळणे सुटते. वय निघून गेले तरी सुटते.

आपल्याकडे माणूस पोटासाठी पळतो. बारामतीच्या लता करे यांचे नाव वाचकांनी ऐकले असेल. साठी ओलांडलेली ही बाई नऊवारी नेसून, अनवाणी, मॅरेथॉन स्पर्धेत पळाली आणि आपल्या गटात पहिली आली. पतीच्या तपासणीला पैसे नव्हते, बक्षिसाची रक्कम हवी होती. त्यांच्यावर पुढे चित्रपट निघाला आणि त्यात त्यांनी स्वतःच काम केले. सगळ्यांनी कौतुक केले, ते रास्तच होते. पण दवाखान्याच्या पैशासाठी म्हातारपणी अनवाणी पळावे लागते, याची लाजही कोणाला तरी वाटायला हवी होती.

भरती नसेल, बक्षीस नसेल, तर आपल्या वस्तीतला माणूस पळेल का? हा प्रश्न घेऊन आम्ही तीन वर्षांपूर्वी नांदेडच्या एका बागेत रविवारची धाव सुरू केली. मागच्या वर्षापासून लातुरातही ती सुरू झाली आहे. अनेक वाचक बंधू-भगिनी विचारतात की हे कसे करायचे, किती खर्च येतो, परवानगी कोणाची लागते. त्यांच्यासाठी हा लेख.

खुर्चीचा आजार

आम्ही म्हणजे कोण, ते आधी सांगतो. वेगवेगळ्या कचेऱ्यांतले पाच कारकून, दोन शिक्षिका, एक परिचारिका आणि एक रिक्षावाले बंधू. जयंतीच्या कामातून एकमेकांची ओळख. आयटीआयजवळच्या महात्मा फुले पुतळ्यापासून थोड्या अंतरावर एक चहाची टपरी आहे, तिथे आमची बैठक असते. अशाच एका बैठकीत लक्षात आले की नऊपैकी चौघांना साखर आहे, तिघांना रक्तदाब आहे आणि बिनसाखरेचा चहा मागणाऱ्यांची संख्या साखरेच्या चहापेक्षा जास्त झाली आहे.

आमच्या वडिलांनी मोंढ्यात पोती उचलली, आयांनी दुसऱ्याच्या रानात खुरपणी केली. त्यांच्या अंगाला व्यायाम सांगण्याची कोणाची छाती झाली नसती. त्यांनी आम्हाला शिकवले आणि आम्ही खुर्चीवर बसलो. ती खुर्ची मिळवायला दोन पिढ्या गेल्या, तेव्हा तिच्याविषयी आम्ही वाईट बोलणार नाही. पण सकाळी दहा ते संध्याकाळी सहा त्या खुर्चीत, मग मोटरसायकलवर, मग टीव्हीसमोर, असा दिवस गेला की शरीर आपला हिशेब मागतेच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीने झालेली एक मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि साडेतेरा कोटींच्या आसपास लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. २०२४ साली लॅन्सेट गटाच्या एका नियतकालिकात आले की भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करीत नाहीत. त्यात पुरुष ४२ टक्के, तर स्त्रिया ५७ टक्के. बाई दिवसभर घरात राबते, तरी तिचा आकडा मोठा. कारण ओट्यापाशी उभे राहून पाय दुखतात, पण दम लागत नाही, आणि हृदयाला दम लागण्याची गरज असते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे रोज फार तर वीस-बावीस मिनिटे.

हे सगळे दवाखान्यात लिहिलेले असते. वाचून कोणी उठत नाही. माणूस माणसाला पाहून उठतो.

तेरा माणसांची गोष्ट

२००४ साली दोन धावा सुरू झाल्या. एक आपल्या मुंबईची मॅरेथॉन, त्या वर्षीच्या फेब्रुवारीत. आज ती जगभर गाजते आहे, हजारो लोक पळतात, प्रायोजक असतात, नावनोंदणीचे शुल्क असते, दूरदर्शनवर दिसते. चांगलीच गोष्ट आहे. पण नांदेडहून मुंबईला जायचे, राहायचे, शुल्क भरायचे, हे आपल्या घरातल्या बाईला कधी जमायचे?

दुसरी धाव त्याच वर्षी २ ऑक्टोबरला लंडनजवळच्या बुशी पार्क नावाच्या बागेत सुरू झाली. पॉल सिंटन-ह्यूइट नावाच्या गृहस्थांना दुखापत झाली होती, स्वतःला पळता येत नव्हते. पण पळणाऱ्या मित्रांची सोबत सुटू नये म्हणून त्यांनी ठरवले की शनिवारी सकाळी सगळ्यांनी बागेत यावे, ५ किलोमीटर पळावे, आपण वेळ मोजून देऊ. पहिल्या दिवशी पळणारे १३ जण होते. आकड्याचे बिल्ले म्हणून त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून वायसर आणले आणि त्यांवर आकडे ठोकले. शुल्क नाही, बक्षीस नाही. पळून झाल्यावर सगळे मिळून कॉफी प्यायला जात. त्या धावेला पुढे 'पार्करन' नाव पडले आणि आज ती वीसहून अधिक देशांत, दोन हजारांवर ठिकाणी चालते. काही तुरुंगांतही चालते. सगळे काम स्वयंसेवक करतात आणि सर्वांच्या मागे एक स्वयंसेवक असतो, म्हणजे कोणीही पाहुणा शेवटचा येत नाही.

आम्हाला सर्वांत आवडलेली बाब वेगळीच आहे. तिथली सरासरी वेळ वर्षानुवर्षे वाढत गेली, लोक हळू होत गेले, आणि आयोजक ही गोष्ट अभिमानाने सांगतात. वेगवान माणसे तेवढीच राहिली, पण लठ्ठ, वयस्कर, आजारी, लेकुरवाळी माणसे मागून येत गेली, म्हणून सरासरी ढासळली. बी.कॉम.ला आम्ही सरासरी शिकलो होतो. सरासरी बिघडणे ही आनंदाची बातमी असू शकते, हे मात्र कोणी शिकवले नव्हते.

बाग कोणाची?

आम्ही बाग निवडली ती वस्तीपासून पायी दहा मिनिटांवरची. झाडी बरी, आत चालण्याची गोल वाट, फरशी काही ठिकाणी उखडलेली. एका मिस्त्री बंधूंकडून तीस मीटरची टेप आणली आणि वाट मोजली. अठरा वेळा टेप लागली, म्हणजे एक फेरी ५४० मीटरची. नऊ फेऱ्यांचे ४८६० मीटर होतात. उरलेल्या १४० मीटरसाठी सुरुवातीची रेघ शेवटच्या रेघेच्या तेवढी मागे, एका कडुनिंबापाशी आखली. पाच किलोमीटर पुरे झाले.

पहिल्या रविवारी आम्ही अकरा जण होतो. इंग्लंडातल्यांपेक्षा दोन कमी. दुसऱ्या रविवारी राखणदाराने अडवले. एकट्याने पळा, घोळक्याने पळायचे तर परवानगी आणा, असे त्याचे म्हणणे. त्याच वेळी दुसऱ्या कोपऱ्यात वीस-पंचवीस जणांचा हास्य क्लब टाळ्या वाजवून हसत होता. त्यांना परवानगी विचारलेली आम्ही तरी पाहिली नाही. आमच्यातले रिक्षावाले बंधू तापले. पण आम्ही कारकून. संबंधित कार्यालयात अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. उत्तर येईपर्यंत दोघे-दोघे, दहा-दहा पावलांचे अंतर ठेवून पळालो. दोघांना घोळका म्हणता येत नाही. पाच आठवड्यांनी तोंडी निरोप आला की हरकत नाही. लेखी आजतागायत आलेले नाही, पण शिक्क्याची प्रत आम्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दर रविवारी जवळ ठेवतो.

या निमित्ताने एक गोष्ट वाचकांच्या नजरेस आणावीशी वाटते. संविधानाचे कलम १५ आपण सगळे सांगतो. त्यातले उपकलम २ मात्र सावकाश वाचावे. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते, आणि सरकारी पैशातून राखलेली सार्वजनिक वावराची ठिकाणे यांच्या वापराला धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही मज्जाव करता येत नाही, असा त्याचा अर्थ आहे. १९२७ च्या महाडच्या तळ्याची आठवण त्या शब्दांमागे आहे, असे आम्ही मानतो. तळे आपल्याला कळले. बाग अजून कळलेली नाही. आपल्या वस्तीतली किती माणसे सकाळी बागेत जातात? दारावर पाटी नाही, कोणी हाकलत नाही, तरी पाऊल पडत नाही. 'तिथं कॉलनीतले लोक येतात' असे बायका म्हणतात. त्यांचे बूट पांढरे, आपली चप्पल. एवढे पुरते.

बागेचे भांडण परदेशातही झाले आहे. इंग्लंडात लिटल स्टोक इथे २०१६ साली गावच्या पंचायतीने बहुमताने ठरवले की पळणाऱ्यांनी बागेच्या देखभालीला पैसे द्यावेत. आयोजक म्हणाले, आमची धाव कायम मोफत असेल. पैसे दिले नाहीत आणि तिथली धाव बंद पडली. तत्त्व राहिले, धाव गेली. यातले बरोबर कोण, यावर आमच्या टपरीवर दोन संध्याकाळी वाद झाला आणि तो मिटलेला नाही. आम्ही आमच्यापुरता मार्ग काढला आहे. महिन्यातल्या एका रविवारी धाव झाल्यावर अर्धा तास कचरा वेचतो, उखडलेल्या फरशीखाली वाळू भरतो. राखणदार आता चहाला थांबतो.

तिसऱ्या महिन्यात कॉलनीतले एक निवृत्त गृहस्थ जवळ आले आणि त्यांनी विचारले, "तुमचे हे कोणत्या समाजाचे आहे?" आमच्यातल्या शिक्षिका ताई म्हणाल्या, "बागेत येणाऱ्या समाजाचे." ते हसले. पुढच्या रविवारी आले, तीन फेऱ्या चालले आणि नोंदवहीत आपले नाव आडनावासकट ठळक अक्षरात लिहून गेले. आता नियमित येतात. त्यांच्याबरोबर आणखी सहा-सात जण येतात.

टी-शर्टाचा प्रश्न

धाव जमू लागली, चाळीस-पन्नास माणसे येऊ लागली, तशी ती लोकांच्या डोळ्यांत भरली. प्रभागातून उभे राहू इच्छिणाऱ्या एका गृहस्थांकडून निरोप आला. शंभर टी-शर्ट देतो, कमान उभारतो, पहिल्या तिघांना रोख बक्षीस देतो. टी-शर्टावर मागे त्यांचा फोटो आणि बागेत एक छोटासा सत्काराचा कार्यक्रम, एवढीच अट.

बैठकीत दोन तट पडले. घ्यावेत म्हणणाऱ्यांचे म्हणणे खोटे नव्हते. वस्तीतल्या कित्येक पोरांकडे पळायला धड बनियन नाही, शंभर कपडे फुकट मिळतात तर नाकारणारे आपण कोण? आणि जयंतीला आपण वर्गणी घेतोच की. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की ज्या रविवारी फोटो पाठीवर चढेल, त्या रविवारी ही बागेतली धाव राहणार नाही, त्यांची होईल. निवडणूक झाल्यावर टी-शर्ट उरतील आणि धाव संपेल. शिवाय पहिल्या तिघांना पैसे म्हटले की भरतीची पोरे जिंकतील आणि बाकीची माणसे दोरीमागे टाळ्या वाजवत उभी राहतील. आपण ज्यांच्यासाठी बागेत आलो ते पुन्हा बघे होतील.

मतदान घेतले. पाच विरुद्ध चार, टी-शर्ट नको. दोघे त्या दिवसापासून यायचे थांबले. चांगले कार्यकर्ते होते, आजही भेटले की जयभीम होतो, पण धावेला येत नाहीत. पुढच्या रविवारी पळायला सात जण होते. हा काळ कठीण गेला. दोन महिने आकडा वीसच्या वर गेला नाही. मग एक शिक्षिका ताईंनी वर्गातल्या मुलींना आयांना घेऊन या म्हणून सांगितले आणि बायका येऊ लागल्या.

पैशाचे विचारणाऱ्यांसाठी : पहिल्या महिन्याचा खर्च ३४० रुपये. नोंदवही, खडू, रबरबँड, दोन पेन, एक माठ. तो आम्ही नऊ जणांनी वाटून घेतला. त्यानंतर महिन्याला शंभरच्या आत भागते. पावती पुस्तक छापायची वेळ आलेली नाही.

नळाचा दिवस आणि संडासाची किल्ली

बायकांना बागेत आणायचे तर व्याख्यान उपयोगी पडत नाही, किल्ली उपयोगी पडते. बागेत संडास होता, त्याला कुलूप होते आणि किल्ली कोणाकडे हे कोणालाच ठाऊक नव्हते. पुरुष झाडामागे जातात, त्यांना हा प्रश्न पडत नाही. परिचारिका ताईंनी तो पहिल्या महिन्यातच काढला होता. किल्ली मिळाली त्या रविवारी बायकांचा आकडा दुप्पट झाला.

दुसरी अडचण नळाची. आपल्याकडे नळ रोज येत नाही. ज्या दिवशी यायचा तो रविवार असला तर घरातली बाई हंडे-पिंपे सोडून कशी येणार? आम्ही उपाय शोधला तो असा की नळाच्या रविवारी धाव अर्धा तास अलीकडे घ्यायची आणि घरातल्या पुरुषाने नळावर थांबायचे. दुसरा भाग सगळीकडे लागू पडला असे म्हणवत नाही.

कपड्यांचे बंधन नाही. साडी, पंजाबी ड्रेस, जे असेल ते. साडीचा पदर खोचलेला असावा, बांगड्या-मंगळसूत्र सैल नसावे, एवढेच. पायात मात्र काहीतरी हवे. मधुमेह असलेल्यांनी अनवाणी पळू नये. पायाला झालेली जखम त्यांना लवकर कळत नाही आणि लवकर भरत नाही. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी पळण्याआधी डॉक्टरांना विचारावे आणि खिशात गूळ किंवा ग्लुकोज ठेवावे. छातीत दुखले, चक्कर आली, तर तिथेच थांबावे आणि शेजारच्याला सांगावे. लाजू नये. नवख्या माणसाने एक मिनिट पळावे, दोन मिनिटे चालावे, असे करत जावे. पळताना शेजारणीशी बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला. ही कसोटी बायकांना फार आवडली.

शेवटचा गडी

वस्तीतल्या एक मावशी शाळेत खिचडी शिजवतात. पंचावन्नच्या पुढचे वय, बरीच वर्षे साखर. नातीला सोडायला आल्या आणि फाटकापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "कामून पळायलेत गं हे सगळे? गाडी सुटली का काय?" परिचारिका ताईंनी हात धरून आत आणले. एक फेरी चालल्या, बाकावर बसल्या. दुसऱ्या रविवारी दोन. नऊ फेऱ्या व्हायला आठ महिने लागले आणि त्या दिवशी वेळ लागला १ तास ४ मिनिटे. गोळी चालूच आहे. शाळेचा जिना आता मध्ये न थांबता चढते, एवढे मावशी सांगतात आणि आम्ही तेवढेच लिहितो.

त्या नऊ फेऱ्यांत त्यांच्याबरोबर एक तरुण चालत होता. तो भरतीचा गडी. सुरुवातीला आमच्याकडे येई तेव्हा सर्वांच्या पुढे सुसाट जाई, फेरी चुकवणाऱ्या म्हाताऱ्यांकडे बघून हसे. भरतीत थोड्या गुणांनी राहिला. मग दोन महिने दिसला नाही. घरी जाऊन भेटलो तर पांघरूण घेऊन पडलेला. त्याला पळ म्हणून सांगण्यात अर्थ नव्हता. आम्ही म्हणालो, शेवटच्या माणसाबरोबर चालायला कोणी नाही, येतोस का? तो आला. तासभर मावशींच्या गतीने चालणे त्याला पळण्यापेक्षा जड गेले असेल. काय बोलले दोघे, आम्हाला माहीत नाही. पण पुढचे वर्षभर ते काम त्याने दुसऱ्या कोणाला दिले नाही. सध्या तो पुण्याला एका कंपनीत आहे. सुटीवर आला की रविवारी मागेच असतो.

भरतीत राहिलेल्या पोरांना आम्ही अविनाश साबळेचे उदाहरण देतो, कारण तो आपल्या मराठवाड्याचा आहे. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातले मांडवा हे त्याचे गाव. बारावीनंतर तो सैन्यात गेला, पाचव्या महार बटालियनमध्ये. ज्या महार रेजिमेंटच्या १९४१ च्या उभारणीमागे बाबासाहेबांचे प्रयत्न होते, तीच ही रेजिमेंट. सियाचीनच्या बर्फात नोकरी केली आणि शर्यतींकडे खऱ्या अर्थाने वळला तो २०१५ च्या सुमारास, विशीत आल्यावर. मध्ये दुखापत झाली, वजन वाढले, ते उतरवून पुन्हा उभा राहिला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्य, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने अंतिम फेरी गाठली. प्रत्येक पोरगा साबळे होणार नाही, हे आम्हालाही कळते. एकोणिसाव्या वर्षी एक चाचणी हुकली म्हणजे पाय संपले असे नसते, इतकेच सांगायचे असते.

मेळ बसवणे

आता कामाची पद्धत. वेळ मोजायला मोबाइल पुरतो. शेवटच्या रेघेवर तीन माणसे लागतात. एक जण वेळ बोलतो, दुसरा ती क्रमाने लिहितो, तिसरा प्रत्येकाच्या हातात क्रमांकाचे कार्ड देतो. कार्डे आम्ही जुन्या लग्नपत्रिकांची कापली. जाड असतात, घामाने लगेच विरघळत नाहीत. पळणारा कार्ड घेऊन टेबलापाशी जातो आणि तिथे त्याचे नाव त्या क्रमांकापुढे लिहिले जाते. मग वेळेची यादी आणि नावाची यादी समोरासमोर ठेवायची. दोन्हीकडचे शेवटचे क्रमांक जुळले तर मेळ बसला. एखादा कार्ड न घेताच घरी गेला तर त्याच्या खालच्या सगळ्यांच्या वेळा एका घराने घसरतात. म्हणून रेघेपलीकडे दोरी बांधून अरुंद वाट करावी, माणसे त्यातूनच जावीत. हे काम कचेरीतल्या माणसाला फार मानवते.

फेऱ्या मोजायला रबरबँड. सुरुवातीला प्रत्येकाने नऊ मनगटात घालायचे, दर फेरीला एक बादलीत टाकायचा. हात मोकळा झाला की थांबायचे. ज्यांना तीनच फेऱ्या करायच्या त्यांना तीन. त्यांचीही वेळ आम्ही लिहितो आणि यादी नावाच्या अकारविल्हे लावतो, क्रमांकाने लावत नाही. कोणाचा कितवा नंबर आला हे ज्याचे त्याला माहीत असते.

आणखी दोन-तीन गोष्टी. वाटेच्या डावीकडून पळावे, चालणाऱ्यांचा मान आधी. भोंगा लावू नये. मार्चपासून जूनपर्यंत सहाच्या आत सुरुवात करावी. आमच्याकडे सात वाजता ऊन चटका देते. पोलीस ठाण्याला माहितीचे एक पत्र देऊन ठेवावे.

लातूरची तऱ्हा

आमच्यातल्या एका बंधूंची लातूरला बदली झाली आणि ते जाताना टेप आणि जुन्या कार्डांचा गठ्ठा घेऊन गेले. तिथला अनुभव निराळा आहे. लातूर पॅटर्नच्या कीर्तीमुळे गावोगावची मुले-मुली तिथे डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करायला येतात. खोलीत तिघे-चौघे, सकाळी शिकवणी, दुपारी अभ्यासिका, रात्री पुन्हा पुस्तक. सोळा-सतरा वर्षांची पोरे, पण दोन फेऱ्यांत धापा टाकतात. रविवारी बहुतेकांची चाचणी असते, म्हणून लातूरकरांनी धाव शनिवारी पहाटे ठेवली. आईवडिलांना वाटते की तेवढा अर्धा तास वाया गेला. एका वडिलांनी औशाहून फोन करून बंधूंना खडसावले. बंधूंनी त्यांना पुढच्या शनिवारी बोलावले. ते आले, बघत उभे राहिले आणि काही न बोलता गेले. मुलगा अजून येतो आहे.

पाण्याचा धडा मात्र आम्ही लातूरकडून घेतला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. ते दिवस पाहिलेला माणूस अर्धी बाटली पिऊन फेकत नाही. तिथे धावेला प्लॅस्टिकची बाटली आणायचीच नाही असा नियम आहे. माठ, दोन तांबे, आणि ओंजळीने किंवा वरून पिणे. उरलेले पाणी त्या शनिवारी ज्याची पाळी असेल त्याने झाडाला घालायचे. आम्हीही आता तसेच करतो. लातूरकरांनी आणखी एक सुधारणा केली आहे. पावसाळ्यात लग्नपत्रिकांची कार्डे भिजतात, म्हणून त्यांनी एका डबेवाल्या कारागिराकडून पत्र्याचे गोल बिल्ले कापून घेतले, १ ते १०० पर्यंत आकडे ठोकून. कडा घासून घ्याव्या लागल्या, नाहीतर हाताला लागतात. नांदेडलाही शंभर बिल्ले हवेत, असे आम्ही कळवले आहे. ते येईपर्यंत पत्रिका कापणे चालू आहे. वाचकांकडे जुन्या असतील तर फेकू नयेत, जवळच्या बागेत नेऊन त्यांची कार्डे करावीत.